दादाची मापं

उल्लोने पाय लांब केले आणि तळव्यांना काहीच लागलं नाही. कयाकच्या, एका माणसापुरत्या त्या चिंचोळ्या नावेच्या, नाकाकडच्या अंधारात पायांना टेकू देणारी जी आडवी पट्टी असते ती होती, पण चार बोटं पलीकडे. घटना एवढीच. क्लबच्या शेडमध्ये, दोन जुन्या टायरांवर टेकवलेल्या, अजून पाणी न पाहिलेल्या पांढऱ्या कयाकमध्ये ती बसली होती. उघड्या दारातून नूकच्या जुन्या बंदरावरचं जूनचं कोरडं ऊन आत येत होतं, वरच्या रस्त्यावर बस थांबून पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तिचे पाय आधार शोधत आणखी पुढे घसरले. शरीर आधी अंदाज बांधतं आणि मग जगाला विचारतं, हे तिला शिकून माहीत होतं. अंदाज चुकला की असा हिसका बसतो; त्यात गूढ काही नाही. तिने कंबर डावीकडे मोडली. कंबर गेली, कयाक जागची हलली नाही. गुडघे उचलून मांड्या वरच्या लाकडी कमानीला भिडवायला गेली, तर कमान मूठभर उंचच राहिली. रंगाचा आणि सीलच्या तेलाचा वास येत होता. हा वास तिला इतका आतून ओळखीचा होता, की त्या वासात आपण परक्यासारखे बसलो आहोत हे कळायला तिला वेळ लागला.

“काय गं, झोपलीस का आत?” युआनाने विचारलं. युआना क्लबची प्रशिक्षक, पन्नाशी उलटलेली, माशांच्या कारखान्यात पाळी करून थेट इकडे येणारी. वर्षानुवर्षं बर्फाच्या पाण्यात कोलांट्या मारून तिचा डावा कान जवळजवळ बंद झाला होता, त्यामुळे ती कुणाशीही फुटलेल्या भोंग्यासारखी बोले.

“मोठी आहे, मावशी.”

“किती मोठी?”

“तुम्हीसुद्धा मावाल माझ्याबरोबर.”

“मी एकटी मावले तरी गंगेत घोडं न्हालं म्हण.” युआना वाकली, तिने बाजूने हात घातला, उल्लोची मांडी आणि कमान यांच्यामधली पोकळी चाचपली आणि हात तसाच काढून घेतला. “तुझ्या बाबाने मापं कुणाची घेतली? वॉलरसची?”

उल्लो हसली. हसणं आधी आलं, उत्तर मागाहून. मापं कुणाची हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं होतं आणि ते युआनाला सांगण्यासारखं नव्हतं.

उल्लोरिअक हे नाव तिच्या आधी तिच्या काकाचं होतं. बाबांचा थोरला भाऊ उपेर्नाविकच्याही उत्तरेच्या त्यांच्या वस्तीतून शरद ऋतूत नार्व्हाल देवमाशाच्या मागावर कयाक घेऊन गेला आणि परत आला नाही. कयाक तेवढी मिळाली, पोट वर केलेली. त्या हिवाळ्यात ती जन्मली, आणि जो नुकताच गेला त्याचं नाव जो नुकताच आला त्याला, या रीतीप्रमाणे तिला ते मिळालं. मुलगा की मुलगी हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. नाव ज्याचं, नातं त्याचं. त्यामुळे तिला बोलता येऊ लागलं तेव्हा घरातला तो उंच, कमी बोलणारा माणूस तिला ‘दादा’ म्हणत होता, आणि तिच्या मते सगळेच बाप आपल्या मुलींना दादा म्हणत असावेत. “दादा, ऊठ, चहा झालाय.” “दादा, टोपी घातल्याशिवाय बाहेर गेलीस तर बघ.” सील फाडला की काळजाचा पहिला तुकडा तिच्यासमोर यायचा, कारण दादाला तो आवडे. तिला तो आवडत नसे. पण सगळे तिच्या तोंडाकडे इतक्या आशेने बघत, की ती तो चावून चावून गिळायची आणि मग खोलीभर एक सुस्कारा पसरायचा. बोटीला नवीन मोटार घ्यायची का, बर्फगाडीच्या कुत्र्यांपैकी म्हातारा पुढारी अजून एक हिवाळा ठेवायचा का, हे बाबा तिच्यासमोर उकिडवे बसून विचारत. “दादा, ठेवू या त्याला?” पाच वर्षांची उल्लो म्हणायची, “ठेव.” आणि कुत्रा राहायचा. एवढी सत्ता तिला पुढे आयुष्यात कधी मिळाली नाही. तिचा त्या सत्तेवर विश्वास होता, आणि तिला एक गोष्ट फार उशिरा सुचली. बाबा वाकून तिच्या डोळ्यांत बघत तेव्हा ते शोधत असायचे. सापडलं की त्यांचा चेहरा निवायचा. नेमकं काय सापडायचं हे तिला कधीच समजलं नाही, म्हणून ते पुन्हा सापडावं यासाठी काय करायचं हेही नाही.

नवव्या वर्षी आई तिला घेऊन नूकला आली. भांडण कशावरून झालं हे दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही. बहुधा एका गोष्टीवरून झालंच नसावं. शहरात तिला तिच्या नावाने हाक मारणारे पुष्कळ होते आणि दादा म्हणणारं कुणी नव्हतं. दर रविवारी फोन यायचा. “दादा, काय चाललंय?” पलीकडून कुत्र्यांचं केकाटणं, मग हॅलिबट मासे धरायच्या दोऱ्या, बर्फ कसा धरलाय, कोण आजारी. ती शाळेतलं सांगायची, पुढे कोपनहेगनला शिकायला गेली तेव्हाचं सांगायची, आता मत्स्यसंशोधन संस्थेतल्या प्रयोगशाळेतलं सांगते; ते ऐकतात, आणि ऐकून झाल्यावर म्हणतात, “दादाचं डोकं पहिल्यापासून चांगलंच.” या वाक्यातल्या दादाला सबंध वस्तीच्या शिकारीचे हिशोब तोंडपाठ होते म्हणे. तिला तिच्या पदवीबद्दल शाबासकी मिळाली ती अशी, वळसा घालून, एका बुडालेल्या माणसाच्या हातून. यावर चिडावं असं तिला कित्येकदा वाटलं. चिडण्यासाठी मात्र आधी असं मानावं लागलं असतं, की ते प्रेम दुसऱ्याचं होतं आणि तिच्या वाट्याला चुकून आलं. तिला ते मानायचं नव्हतं. तिच्याकडे दुसरं नव्हतंच.

कयाकची गोष्ट निघाली ती अशाच एका रविवारी. ती सहज म्हणाली होती, की यंदाची देशभरच्या क्लबांची स्पर्धा नूकमध्येच आहे, शर्यती आहेत, दोरीवरच्या कसरती आहेत, आणि ती कोलांट्यांमध्ये उतरणार आहे. कयाकसकट उलटं व्हायचं, डोकं पाण्याखाली, आणि दुसऱ्या बाजूने वर यायचं. वल्ह्याने, मग अर्ध्या वल्ह्याने, मग भाला फेकायच्या फळीने, मग नुसत्या हाताने, मग हातात वीट घेऊन, शेवटी छातीशी हात बांधून. पलीकडे कुत्रीसुद्धा गप्प झाली होती. वस्तीवर कोलांटी कुणालाच येत नव्हती. ती विद्या बाबांच्या आजोबांबरोबर गेली आणि मोटारबोटी आल्यावर कुणाला तिची आठवण राहिली नाही. ती परत आली क्लबांमधून, शहरांतून, शाळकरी पोरापोरींच्या अंगात. काकाला ती येत असती तर. हे वाक्य घरात कुणी कधी पुरं केलं नव्हतं.

“कुणाच्या कयाकमधून?” बाबांनी विचारलं.

“क्लबची आहे. काळी. मला बरोबर बसते.”

“दुसऱ्याच्या कयाकमध्ये बसतेस, दादा?” आवाजात खरोखरचा धक्का होता. “दुसऱ्याचे बूट घालशील का उद्या?”

“बाबा, सगळेच घेतात क्लबच्या.”

“घेऊ देत. मी करतो तुझी. हिवाळा पडलाय नुसता.”

“मापं पाठवू का? युआनामावशी घेतील.”

“मापं मला काय सांगतेस,” ते म्हणाले, आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा तिला फोनवर त्यांचं हसू ऐकू आलं. “मापं माहीत आहेत मला.”

त्या रात्री ती आरशासमोर उभी राहिली होती. कयाक माणसाच्या अंगावर मापतात: पसरलेल्या हातांच्या तीन वावा लांबी, ढुंगणाच्या रुंदीवर दोन मुठी, मांडीवर एक मूठ उंची. सतरा वर्षांत बाबांनी तिला दोनदा पाहिलं होतं. एकदा आजीच्या दफनाला, एकदा उपेर्नाविकच्या विमानतळावर, ती दुसऱ्या विमानाची वाट पाहत असताना, काचेच्या खोलीत, जाडजूड कोटात. तेवढ्यावरून त्यांनी तिला मनात मापून ठेवलं होतं. ते वस्तीवरचे शिकारी. सील वर आला की दुरून त्याचं वजन सांगणारे. कोटाच्या आतली मुलगी त्यांना का दिसू नये? ती स्वतःच्या खांद्यांकडे, कमरेच्या हाडांकडे बघत राहिली आणि तिला विलक्षण बरं वाटलं. सबंध हिवाळाभर ती अशी बरी होती. उत्तरेला काळोखात, दिव्याच्या उजेडात, कुणीतरी लाकूड वाकवून वाकवून तिच्या आकाराचं काहीतरी बनवत होतं.

आणि आता ती त्यात बसली होती, आणि तो आकार तिचा नव्हता. दोघे भाऊ तरुण असताना एकमेकांच्या कयाक बांधत, हे आजीने सांगितलेलं तिला आठवत होतं. स्वतःचे हात पसरलेले असताना स्वतःची वाव कशी मोजणार? म्हणून हा त्याला मापी, तो ह्याला. बाबांच्या वितीला, मुठीला, कोपराला ते एक शरीर पाठ होतं. दादासाठी कयाक करायची म्हटल्यावर त्यांनी विचार केला नसेल, आठवावं लागलं नसेल; हात आपले आपण गेले असतील. ‘मापं माहीत आहेत मला.’ ते खरंच बोलले होते. एका नावाच्या दोन माणसांची हाडं एकाच लांबीची असावीत अशी निसर्गात काही तरतूद नाही. पण ही हरकत बाबांच्या हातांना कोण सांगणार?

प्रयोगशाळेत तिचं काम माशांचं वय सांगण्याचं होतं. हॅलिबटच्या कानात तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा दगड असतो. त्याचा काप करून भिंगाखाली ठेवला की झाडासारखी वलयं दिसतात, उन्हाळ्याचं रुंद, हिवाळ्याचं बारीक. मासा कुठे गेला, कशाला भ्याला, याबद्दल दगड काही बोलत नाही. वाढला किती एवढंच सांगतो. तिला हा संयम आवडे. पुढचे काही दिवस मात्र भिंगाखाली वलयांमधल्या अंतरांकडे बघताना तिचं लक्ष उडू लागलं. आठवण ही मोजण्याची सर्वांत वाईट पद्धत आहे, ती मनाशी म्हणे, कारण आठवणीत वस्तूची वाढ थांबते. काका बत्तीस वर्षांचा राहिला. आणि ती स्वतः? बाबांच्या मनात तिचं एखादं वलय तरी पडलं होतं का? का तिथे ती नव्हतीच, एक रिकामी जागा होती, आत दुसरंच कुणी बसलेलं? अशा प्रश्नांना पुरावा नसतो, म्हणून ती ते टाळत आली होती. आता पुरावा शेडमध्ये टायरांवर पडलेला होता. बसमधून घरी येताना खिडकीबाहेर सेर्मित्सियाकचा सुळका ढगातून वर आलेला दिसे, नवीन इमारतींच्या बाल्कन्यांमधून वाळत घातलेले हॅलिबटचे तुकडे हलत, आणि तिला पाच वर्षांची असतानाचा तो सुस्कारा ऐकू येई, काळीज गिळल्यानंतरचा.

“स्पंज भर,” मिक्की म्हणाला. मिक्की तिच्याच वयाचा, शर्यतीवाला, कोलांट्यांना म्हाताऱ्यांचा खेळ म्हणणारा. “मांडीखाली, कमरेला, पायाशी. आमच्या सोफ्यातला देतो.”

“आणि सोफ्याचं काय?”

“सोफ्यावर आई बसते. तिला स्पंज लागत नाही.”

त्यांनी खरंच स्पंज भरला. पाण्यात उतरून तिने सगळ्यांत सोपी कोलांटी घेतली, वल्ह्याने, उजवीकडून. उलटी झाल्याबरोबर स्पंज भिजून निसटला, मांड्या सुटल्या, कयाक वर एकीकडे राहिली आणि ती खाली दुसरीकडे, कमरेला बांधलेल्या जलरोधक झग्याने तेवढी तिला लटकलेली. तिने धडपडून, कसंबसं, जिवाच्या आकांताने स्वतःला वर आणलं. युआना फळ्यांच्या तराफ्यावर उभी होती.

“आलीस वर,” ती ओरडली, “पण याला कोलांटी नाही म्हणत, याला बाळंतपण म्हणतात.” मग जवळ येऊन, तिच्या मानाने हळू, “हे बघ पोरी, काळी घे. या पांढऱ्या हत्तीत तू दहा गुणसुद्धा नाही मिळवायची. बाबाला सांग सरळ. फोन कर आजच.”

तिने फोन केला. बाबा म्हणाले, “दादा, मी तिकीट काढलं. बघायला येतोय.” ती म्हणाली, “या.” आणि तिने फोन ठेवला.

ते आले तेव्हा त्यांच्या हातात एक शबनम आणि बर्फाच्या पेटीत मत्ताक होतं, नार्व्हालची चरबीसकट कातडी, वस्तीवरच्या सगळ्यांनी थोडी थोडी दिलेली. तिच्या पाचव्या मजल्यावरच्या खोलीत ते खिडकीपासून लांब बसले. केस पांढरे झाले होते, गालांवर थंडीने भाजल्याचे काळे चट्टे. त्यांनी चाकूने मत्ताकचे चौकोन कापले आणि पहिला तिच्यासमोर धरला. “घे, दादा.” त्यांनी वाकून तिच्या डोळ्यांत पाहिलं, तसंच, आणि तिला जाणवलं की आपण श्वास रोखून धरला आहे, काहीतरी सापडावं म्हणून. चावताना काजूसारखी चव तोंडात पसरली. त्यांचा चेहरा निवला. काय सापडलं?

“बसते ना बरोबर?” त्यांनी विचारलं.

“रंग छान दिलाय,” ती म्हणाली.

“बर्फासारखा दिला. नार्व्हालला दिसू नये म्हणून. दादा नेहमी दोन हात द्यायला लावायची, तुला माहीतच आहे.” ‘लावायचा’ म्हणायचं होतं की ‘लावायची’, हे त्यांचं त्यांनाही बहुधा ठाऊक नव्हतं, कोण कुठे संपतं आणि कोण कुठे सुरू होतं याची त्यांना कधी गरज पडली नव्हती. मग त्यांनी विचारलं, “ते उलटं होणं. ते करायलाच लागतं का?”

“स्पर्धाच त्याची आहे, बाबा.”

“हो, हो.” त्यांनी चाकू पुसला, बराच वेळ पुसला. “वर येतेस ना पण?”

“येते.”

“प्रत्येक वेळी?”

“प्रत्येक वेळी.”

रात्रभर, म्हणजे त्या न मावळणाऱ्या उजेडाला रात्र म्हणायचं असेल तर, ते जमिनीवर अंथरलेल्या गादीवर कूस बदलत राहिले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. सांगितलं तर काय होईल याचा ती विचार करत होती. ‘ती कयाक मला होत नाही’ या वाक्याचा अर्थ त्यांच्यापुरता ‘मी तो नाही’ एवढाच होणार होता. आणि ती तो नसेल तर या माणसाला तिच्याकडे बघायचं कारण काय उरतं, हे तिला माहीत नव्हतं. न सांगितलं तर उद्या तिला त्यांच्यासमोर त्या सैल सांगाड्यातून लटकावं लागणार होतं. हे सगळं तर्काला धरून होतं. तर्काच्या बाहेर, छातीच्या डाव्या बाजूला, तिला फक्त असं वाटत होतं की त्यांनी उठून तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं. ते झोपले नव्हते, तरी त्यांनी तसं केलं नाही. दादाच्या अंगावरचं पांघरूण धाकट्या भावाने सारखं करायचं नसतं.

सकाळी ती काळी कयाक घेऊन पाण्यात गेली. निर्णय तिने घेतला असं म्हणता येणार नाही. शेडमध्ये दोन्ही ओळीने टेकवून ठेवल्या होत्या आणि हात काळीकडे गेले. किनाऱ्यावर माणसं, थर्मास, केक, शेकोटीवर सीलच्या रश्शाचं मोठं पातेलं, पोरांची पळापळ. तराफ्यावरचा पंच एकेका कोलांटीचं नाव पुकारत होता. तिने चेहऱ्याभोवतीची दोरी आवळली, श्वास घेतला आणि गेली. खाली हिरवा उजेड, कानांत सुई टोचावी तशी थंडी, मग कमरेचा एक झटका. कयाक तिच्या हाडांना चिकटलेली, तिच्याबरोबर विचार करणारी. वर. डावीकडून. पुन्हा वर. फळीने, मुठीने, विटेने. प्रत्येक वेळी डोळ्यांतलं पाणी निथळलं की ती किनाऱ्यावर एकच गोष्ट शोधे, आणि ती तिला सापडली तेव्हा निळ्या कोटाची पाठ होती. बाबा समुद्राकडे पाठ करून उभे होते. शेजारी उभी असलेली युआना त्यांना प्रत्येक वेळी मोठ्याने सांगत होती, “आली वर! आली!” आणि त्यांची मान तेवढी हलत होती. छातीशी हात बांधून केलेल्या शेवटच्या कोलांटीनंतर टाळ्यांचा एकच गजर झाला. बायकांमध्ये ती पहिली आली. ज्या गोष्टीसाठी तिने तीन हिवाळे पाण्यात घालवले होते ती गोष्ट झाली, आणि तिला असं वाटलं की हे दुसऱ्याच कुणाला घडलं असून आपल्याला फक्त कळवण्यात आलं आहे.

संध्याकाळकडे माणसं पांगली. मिक्की तंबूच्या दोऱ्या सोडत होता, युआना तराफ्यावर बसून सिगारेट ओढत होती. बाबा शेडमधून पांढरी कयाक एकटेच खांद्यावर घेऊन आले आणि त्यांनी ती पाण्याच्या काठाला, शेवाळावर ठेवली.

“ही नाही घेतलीस.”

“ही मला होत नाही, बाबा.”

“होत नाही म्हणजे?”

“मोठी आहे. पाय पोचत नाहीत.”

ते कयाककडे बघत राहिले. मग वाकून त्यांनी कयाकच्या तोंडाच्या कडेवरून आडवा हात ठेवला, वीत पसरली, मूठ ठेवली. “बरोबर आहे ही,” ते म्हणाले. “दादाची वीत आणि चार बोटं. बरोबर आहे.”

“दादाची बरोबर आहे.”

त्यांनी वर पाहिलं. ती उभी होती, ओली, झग्याची टोपी मागे टाकलेली, ओठ निळे पडलेले, त्यांच्या खांद्याला जेमतेम लागेल एवढी.  काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावरून सरकत गेलं, आणि ते काय होतं हे तिला वाचता आलं नाही.

“तरी एकदा बस,” ते शेवटी म्हणाले. “एकदा कर. मी बघतो या वेळी. पाठ नाही करत.”

“बाबा, हिच्यातून नीट होत नाही.”

“तू म्हणालीस प्रत्येक वेळी येतेस.”

ती बसली. बाबांनी शेपटाकडून ढकललं आणि गुडघाभर पाण्यात उभे राहिले. त्यांना पोहता येत नव्हतं, वस्तीवर कुणालाच येत नसे. तीनचार वल्ही मारून ती वळली. तराफ्यावरून युआना ओरडली, “अगं ए, ती हौस पुरे आता!” पण ती गेली होती.

खाली तोच हिरवा उजेड होता. मांड्या सुटल्या, कंबर सुटली, वरचं पांढरं पोट तिच्यापासून वेगळं होऊन डोलू लागलं. बाहेर कसं यायचं हे तिला माहीत होतं. शरीर त्या दिवशीची धडपड विसरलं नव्हतं, हात वल्ह्यावर नीट होते, छातीत हवा होती. एक झटका, एक वेडंवाकडं ओढणं, आणि ती वर आली असती. तिने सुरुवात केली नाही. यामागे काही विचार होता असं तिला पुढे कधी म्हणता आलं नाही. थंडी कानांतून आत शिरली. काकाही असाच लटकला असेल, अशाच कमानीखाली, फक्त ती त्याला बरोबर बसत होती. तो कशाची वाट पाहत होता? काठावर कुणी नव्हतं. त्या दिवशी धाकटा भाऊ घरी होता. हवा संपत आली, छाती आकसली, आणि आता मात्र तिला खरोखर भीती वाटली, साधी, प्राण्याला वाटते तशी. तिने वल्हं फिरवायला घेतलं, तर ते कशाला तरी अडकलं.

ते कापड होतं. मग हात. त्या हातांनी कयाक धरली नाही. ते सरळ पाण्याखाली आले, चाचपडत, तिच्या मानेवर, खांद्यांवर, काखेत, आणि कुणी गाळात रुतलेला नांगर उपटावा तसं त्यांनी तिला वर खेचलं. झगा कयाकच्या तोंडावरून सुटला, हवा लागली. तिने खोकून पाणी टाकलं. बाबा छातीएवढ्या पाण्यात होते, निळा कोट फुगून त्यांच्याभोवती तरंगत होता, पांढरी कयाक आडवी होऊन त्यांच्या पाठीला धडकत होती आणि त्यांचं त्या कयाककडे लक्ष नव्हतं. त्यांचे दात वाजत होते. त्यांनी तिला काखांत धरून पाण्याबाहेर तोलून धरलं होतं, आणि त्यांचे दंड त्या भाराने थरथरत होते.

“दोघंही मराल थंडीने!” युआना तराफ्यावरून धावत येत होती. “बाहेर या आधी! मिक्की, ए मिक्की!”

बाबांनी तिच्या चेहऱ्यावरचे केस नाकाने बाजूला केले, कारण हात मोकळे नव्हते. त्यांनी पाहिलं; खाली, वर, तिच्या गळ्याकडे, खांद्यांकडे, पायांकडे, जे पाण्यात कुठवर गेले आहेत हे दिसत नव्हतं. तिने त्यांना असं बघताना कधी पाहिलं नव्हतं. या वेळी त्यांच्या नजरेत शोध नव्हता.

“किती जड झालीस गं,” ते म्हणाले.

तिच्या पायांना तळ लागत होता. तिने पाय उचलून घेतले आणि सगळं वजन त्यांच्या हातांवर टाकलं.